पाणी अडविणारा प्रेषित : फादर हर्मन बाखर यांचे पुण्यस्मरण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात केलेले भाषण)



ज्युबिली म्हणजे कृतज्ञतेचे पर्व. अशा प्रसंगी धर्मग्रामाने आपला हिशेब मांडावा, मिळालेल्या दानांची मोजदाद करावी आणि दात्याचे आभार मानावे, अशी आपल्या ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. गेल्या काही दिवसांत आपण देवालयाच्या बांधणीची, शाळेची, भगिनींच्या सेवेची आणि खेड्यापाड्यांत पायी हिंडून प्रार्थना शिकविणाऱ्या आपल्या उपदेशक मास्तरांची आठवण काढली. ती योग्यच होती. परंतु आज आम्ही तुम्हांपुढे एका अशा धर्मगुरूंचे नाव घेण्यास उभे आहोत, की ज्यांच्या कार्याची खूण देवालयाच्या भिंतीवर सापडणार नाही. ती पाहण्यास संगमनेर तालुक्याच्या पठारावर चालत जावे लागेल, डोंगराच्या उताराकडे निरखून पाहावे लागेल. तेथे मातीत आखलेले जे समपातळीचे चर दिसतील, ओघळीत रचलेले जे दगडी बांध दिसतील, तेच त्यांचे स्मारक होय. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघाचे फादर हर्मन बाखर.

फादर बाखर यांचा जन्म १९२४ साली स्वित्झर्लंड देशात झाला. १९४८ साली, आपला देश नुकताच स्वतंत्र झाला असता, हा तरुण येशूसंघीय हिंदुस्थानात आला आणि पुढील आयुष्याचा फार मोठा भाग त्याने आपल्या या अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या सेवेत वेचला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी ते प्रभूच्या ठायी निजले. जन्मले हिमशिखरांच्या देशात, जेथे पाण्यास तोटा नाही. आणि झिजले अशा प्रदेशात, जेथे चैत्र लागला की माउलीच्या डोक्यावर हंडा आणि दृष्टी टँकरच्या वाटेवर. देवाच्या योजनेत असा विरोध पुष्कळ वेळा आढळतो.

ते या भूमीत आले ते रिकाम्या रानात नव्हे, हेही आपण ध्यानी घ्यावे. त्यांच्या पूर्वी जर्मन येशूसंघीयांनी या जिल्ह्यात खेडोपाडी सुवार्तेचे बी पेरले होते. केंदळसारख्या लहानशा गावी राहून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक काढले. तेच पुढे पुण्याचे महागुरू झाले. आपल्या संगमनेरात येशूसंघीयांच्या ज्ञानमाता विद्यालयाने कित्येक पिढ्यांस अक्षर दिले. सुवार्ता, अक्षर आणि औषध ही तीन दाने मिशनने या जिल्ह्यास दिली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु चौथी एक गरज उरली होती. तिच्याकडे पाहण्यास डोळे हवे होते, आणि फादर बाखर यांस ते देवाने दिले होते. ती गरज म्हणजे पाणी.

संगमनेर या नावातच संगम आहे. प्रवरा आणि म्हाळुंगी येथे एकमेकींस भेटतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांनी खालच्या काळ्या जमिनीत ऊस उभा केला. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसास वाटते की संगमनेर हा सुखी तालुका. परंतु नदी सोडून पठारावर चढा, आणि चित्र पालटते. सह्याद्री ओलांडताना मेघ आपले बहुतेक धन पश्चिमेसच उधळून येतात. पठारावरील गावांच्या वाट्यास वर्षाकाठी चारपाचशे मिलिमीटर पाऊस येतो, आणि तोही लहरी. एकाच तालुक्यात एकाचे शेत पाटाने भिजते आणि दुसऱ्याच्या विहिरीचा तळ फाल्गुनातच दिसू लागतो.

आपल्या वडीलधाऱ्यांस १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. लाल मिलोची भाकर, सुकडीची रांग, खडी फोडणारे लक्षावधी हात हे सर्व त्यांनी पाहिले आहे. त्या काळी चर्चच्या संस्थांनी धान्य वाटले, कामे काढली, पुष्कळांचे प्राण राखले. ते दयेचे कृत्य होते, आणि दया ही कधीही लहान गोष्ट नव्हे. परंतु दयेच्या पुढेही एक प्रश्न उभा असतो. धान्य संपले, पाऊस आला, लोक घरी गेले. आणि पुन्हा पाऊस हुलकावणी देऊन गेला तेव्हा तीच रांग त्याच जागी उभी राहिली. ही रांग किती पिढ्या लावावयाची? हा प्रश्न फादर बाखर यांनी मनास लावून घेतला.

तत्पूर्वीच, १९६० च्या दशकात, त्यांनी अहमदनगर येथे सोशल सेंटर नावाची संस्था उभारली होती. शेतकऱ्यास विहिरीसाठी साह्य करावे, शेतीच्या सुधारणेस हातभार लावावा, असे त्या काळचे काम. परंतु अनुभवाने एक सत्य शिकविले. विहीर म्हणजे भांडे; भांड्यात जर कोणी भरलेच नाही, तर ते कितीही खोल असले तरी रितेच राहणार. जमिनीवर पडलेला पाऊस जर माती घेऊन नदीस पळून जात असेल, तर शंभर विहिरी खणून काय उपयोग? म्हणून पाणी शोधण्यापूर्वी पाणी थोपविले पाहिजे, आणि ते गावाच्या तळाशी नव्हे, तर जेथे त्याचा पहिला थेंब पडतो त्या डोंगरमाथ्यावर.

येथे थोडा हिशेब मांडू, कारण हिशेबानेच या विचाराचे थोरपण कळते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. तेवढ्यात एक टँकर भरतो. चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका हेक्टरावर चारशे टँकर रिते झाले. गावाचे शिवार दीड हजार हेक्टरांचे असेल, तर सहा लक्ष टँकर पाणी देवाने त्या गावी एका वर्षात पाठविले; आणि तेच गाव मे महिन्यात सरकारी टँकरची वाट पाहते! आकाश कृपण नाही, बंधूंनो. आलेला पाहुणा आपण उंबरठ्यावरून परत पाठवितो, एवढेच.

हा पाहुणा थांबवून घेण्याची रीत तुम्हां शेतकऱ्यांस ठाऊक आहे. माथा ते पायथा असे तिचे सूत्र. प्रथम डोंगरउतारावर समपातळीचे चर, त्यांच्या कडेस झाडे आणि गवत. मग ओघळीत दगडांचे लहान बांध. मग शेतास बांधबंदिस्ती. आणि सर्वांत शेवटी नाल्यावर बंधारा. धावणाऱ्या पाण्यास चालावयास लावावे, चालणाऱ्यास थांबावयास, आणि थांबलेल्यास जमिनीत मुरावयास. यात कोणतेही गूढ नाही. अवघड आहे ते गावास एका मनाचे करणे. कारण पाणी बांध ओळखत नाही, भाऊबंदकी ओळखत नाही. वरच्याने चर खणला तर खालच्याची विहीर भरते, आणि वरच्याने गुरे मोकाट सोडली तर खालच्याचे शेत गाळाने बुजते. ही एकी नुसत्या द्रव्याने उभी राहत नाही, हे फादर बाखर यांनी पुरते ओळखले होते.

म्हणून १९८९ साली त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची जी कल्पना रुजली, तिच्यात द्रव्य जर्मन सरकारचे होते, व्यवस्था नाबार्डसारख्या राष्ट्रीय संस्थेकडे होती, परंतु कारभाराचे केंद्र गावात होते. ग्रामसभेने आपल्यातील माणसे निवडून पाणलोट समिती नेमावी. समितीने कामाचा हिशेब ठेवावा. अकुशल मजुरीच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतके श्रमदान गावाने करावे. मात्र भूमिहीनास आणि एकट्या बाईने चालविलेल्या घरास त्यातून सूट असावी. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घ्यावी. शिवारफेरीत शेतकरी आणि त्याची कारभारीण दोघांनी मिळून, स्वतःच्या बांधावर उभे राहून, आपल्या जमिनीची योजना ठरवावी. प्रथम लहानसा तुकडा करून दाखवावा, आणि मगच मोठ्या कामास हात घालावा. पैसे देऊन काम करवून घेणे सोपे. परंतु माणसास आपल्या जमिनीचा धनी आणि आपल्या गावाचा कारभारी करणे हे खरे कठीण, आणि तेच त्यांनी आरंभिले.

१९९३ साली त्यांनी आपले सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे वोटर, ही संस्था स्थापन केली. गावांस आणि लहान संस्थांस या कामाचे शिक्षण द्यावे हा तिचा मुख्य हेतू. पुढे ती महाराष्ट्राबाहेरील अनेक राज्यांत गेली. जर्मन संघराज्याने फादर बाखर यांस आपले सन्मानपदक दिले. परंतु पदकापेक्षा मोठे प्रमाणपत्र आपल्याच तालुक्यात आहे. त्याचे नाव दरेवाडी.

दरेवाडी आणि तिच्या वाड्यावस्त्या १९९५ च्या सुमारास उजाड होण्याच्या काठावर होत्या. शेतीचे काम वर्षातून तीनचार महिने. उरलेले महिने घरास कुलूप आणि पोटापाठी वणवण. १९९६ साली पाणलोटाचे काम सुरू झाले आणि पाच वर्षे चालले. मेंढपाळ बंधूंची चराईबंदीस हरकत होती, आणि ती समजण्याजोगी होती. कुरण बंद झाले तर मेंढरू खाणार काय? त्यांची समजूत काढीत, सर्व रान एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने बंद करीत, काम पुढे नेले गेले. वनखात्याची जमीनही या कामात आली. परिणाम काय झाला? तीनचार महिन्यांचे शेतीकाम नऊदहा महिन्यांचे झाले. ओलिताखालील जमीन १९७ हेक्टरांवरून ३४२ हेक्टरांवर गेली. शेतमजुरीचा दर दुप्पट झाला. जगातील विद्वानांनी २००५ साली या लहान गावाची हकीकत आपल्या ग्रंथात नोंदविली. आणि ज्या आईबापांस पूर्वी मुलांचे दप्तर सोडवून त्यांस मुलुखभर फिरवावे लागे, त्यांच्या घरी चूल वर्षभर पेटू लागली.

आता एक शंका आम्ही स्वतःच पुढे मांडतो, कारण ती आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असते आणि आदरापोटी ओठांवर येत नाही. धर्मगुरूचे काम मिस्सा अर्पण करणे, पापक्षमा देणे, सुवार्ता सांगणे. मग चर आणि बंधारे यांत त्याचा वेळ का जावा? तेही अशा गावांत, जेथे ख्रिस्ती घर क्वचितच, आणि ज्यांस बाप्तिस्मा देण्याचा प्रश्नच नव्हता?

शंका प्रामाणिक आहे. म्हणून उत्तरही प्रामाणिक असावे. सेवा हे जर माणसे मिळविण्याचे आमिष असेल, तर ती सेवाच नव्हे. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केले. त्यांतील एकच परत आला, म्हणून उरलेल्या नवांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. ज्याने विहिरीच्या काठी बसून शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले, तो तहान जाणणारा देव आहे. आणि जुन्या करारातील इसहाकाचे स्मरण करा. बापाच्या काळी खणलेल्या विहिरी वैऱ्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. दोन विहिरींवर भांडण झाले, तेव्हा तो ती जागा सोडून पुढे गेला आणि तिसरी खणली. तिच्यावर कोणी भांडले नाही. हाती कुदळ घेतलेला हा कुलपिता आपल्या श्रद्धेच्या पूर्वजांत गणला जातो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने जगाच्या सुखदुःखास ख्रिस्तसभेचे सुखदुःख म्हटले. १९७५ साली येशूसंघाने श्रद्धा आणि न्याय यांची गाठ बांधली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि दरिद्र्याचा आक्रोश एकच असल्याचे सांगितले. फादर बाखर यांनी त्याच मार्गावर आधीच पाऊल टाकले होते, आणि तेही भाषणाने नव्हे, तर कुदळीने.

दुसरी शंका याहून बोचरी आहे, आणि ती आपल्याच घरातील आहे. पाणी मुरते ते ज्याची जमीन त्याच्या विहिरीत. आपल्या समाजातील कित्येक घरांस पूर्वापार जमीन नाही. गावकुसाबाहेरील वस्तीतून आपण ख्रिस्तसभेत आलो. मग या कामात आपल्या वाट्यास काय? याचे उत्तर गोड करून सांगणे आम्हांस उचित वाटत नाही. मजुरी वाढली, कामाचे महिने वाढले, बायकांच्या बचतगटांतून कर्ज मिळू लागले, सावकाराचा फास सैल झाला, हे लाभ भूमिहीनासही झाले. परंतु जमीनवाल्याचा लाभ आणि भूमिहीनाचा लाभ सारखा नव्हता, हेही तितकेच खरे. श्रमदानातून भूमिहीनास सूट देण्यात आली ती हे ओळखूनच. हे काम येथे पुरे झाले असे म्हणू नये. येथून पुढचे काम आपल्या पिढीवर सोपविले आहे, असे समजावे.

फादर बाखर यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. त्यांनी संस्था काढल्या, परंतु त्या आपल्या खिशात ठेवल्या नाहीत. सोशल सेंटर चालू राहिले; वोटर इतरांच्या हाती वाढली; १९९९ साली नाबार्डमध्ये देशव्यापी पाणलोट विकास निधी निर्माण झाला, तो याच अनुभवाच्या वाटेने. आणि गावातील काम तर पहिल्या दिवसापासूनच गावाच्या हाती होते. बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांस जे सांगून गेला, की येणाऱ्याने वाढावे आणि आपण ओसरावे, तो धडा मिशनच्या प्रत्येक सेवकास लागू आहे. पुष्कळ चांगली कार्ये एका थोर माणसाबरोबर उभी राहतात आणि त्याच्याबरोबरच थडग्यात जातात. जे कार्य आपल्या कर्त्यावाचून चालते, तेच खरे प्रेषितकार्य होय.

परंतु चालते म्हणजे आपोआप चालते असे नव्हे. चर गाळाने भरतात, दगडी बांध ढासळतात, चराईबंदी सैल होते. पाणी वर आले की कूपनलिकांची चढाओढ लागते. शेजाऱ्याने दोनशे फूट नेली म्हणून आपण तीनशे नेतो, आणि आईबापांनी श्रमदानाने मुरविलेले पाणी मुले दहा वर्षांत उपसून टाकतात. पाणलोट झालेल्या गावीही उसाचा मोह होतो. पाणी अडविण्यास जेवढी एकी लागली, तेवढीच ते जपून वापरण्यास लागते. आणि दुसरी एकी पहिलीहून कठीण, कारण तिच्यात घाम नाही, संयम आहे.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षी आम्ही तुम्हांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, देवालयाच्या आणि शाळेच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी गटारात न जाता आवारातच मुरावे, अशी सोय या पावसाळ्यापूर्वी आपल्याच श्रमदानाने व्हावी. जे आपण स्वतःच्या अंगणात करीत नाही, ते दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आपल्यास नाही. दुसरी, धर्मग्रामाच्या प्रत्येक निधीचा हिशेब, पाणलोट समितीने गावापुढे ठेवावा तसा, वर्षातून एकदा मिस्सानंतर सर्वांसमक्ष वाचला जावा. तिसरी, आपल्या ज्या कुटुंबांस जमीन नाही त्यांची मुले या कामाचे शिक्षण घेण्यास पुढे यावी. माती, पाणी आणि हवामान यांचे ज्ञान ही आज मोठी विद्या आहे, आणि तीस सातबारा लागत नाही.

शेवटी प्रार्थना करू. हे प्रभो, तू तुझ्या सेवकास दूर देशाहून आम्हांकडे पाठविलेस. त्याच्या आत्म्यास तुझ्या सन्निध चिरविश्रांती दे. आमच्या पठारावर तुझा पाऊस वेळेवर येऊ दे, आणि तो आला असता त्यास थांबवून घेण्याइतके शहाणपण व शेजारप्रेम आम्हांस दे. ज्यांच्या शेतात पाणी आहे त्यांस उदार कर. ज्यांस शेत नाही त्यांस आमच्यात मानाची जागा दे. पवित्र मरिये, आमची माते, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.